चढणीच्या माशांची हजेरी

मृग लागला, दोन दिवस दमदार पाऊस झाला की वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या आसपासचे सगळे नाले एकाच कामाला लागतात. मिळेल ते उचलायचं आणि उताराने पळत सुटायचं. माती, काटक्या, पालापाचोळा, कुणाची तरी एकच चप्पल, सगळं खाली. आणि नेमकं त्याच वेळी, त्याच गढूळ पाण्यात, कुणीतरी उलट निघालेलं असतं. खालून वर! पाणी तोंडावर आदळतंय, दगड आडवे येताहेत, तरी पठ्ठे वरच चाललेत.

हे चढणीचे मासे. नदीकाठच्या भोई वस्तीतल्या कुणाही जुन्याजाणत्या आजोबांना विचारा. ते सांगतील, "पानी गढूय झालं का मासे चढतेत, पोट्टेहो!" पण काहून चढतेत?

त्याआधी जरा नकाशा उघडा. वाशीम जिल्हा पठारावर, उंचावर आहे. इथे पडणाऱ्या पावसाला उतरायला दोन बाजू मिळतात. काटेपूर्णा नदी याच जिल्ह्यात उगम पावते, मालेगाव तालुक्यातून अकोल्याकडे उतरते, पुढे पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्राला. दुसऱ्या बाजूला पडलेलं पाणी पैनगंगेत जातं. तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत करत थेट बंगालच्या उपसागरात. एकाच ढगातले दोन थेंब, आणि पोचणार देशाच्या दोन टोकांना!

थेंबाचा हा प्रवास भूगोलाच्या पुस्तकात असतो. माशाचा उलटा प्रवास कुणी फारसा शिकवत नाही. म्हणून आज तो.

उन्हाळ्यात आपल्या नद्या डोहांपुरत्या उरतात. मासे त्या डोहांत दाटीवाटीने दिवस काढतात. पहिला पूर आला की डोह एकमेकांना जोडले जातात, पाणी काठ ओलांडून गवतात शिरतं, कुठेकुठे शेताच्या बांधाला टेकतं. हे उथळ पाणी लवकर कोमट होतं, त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव खच्चून वाढतात. पिल्लांसाठी याहून चांगला खाऊ नाही, आणि पिल्लं गट्ट करणारे मोठे मासे इतक्या उथळात सहसा येत नाहीत. रोहूची एक मादी लाखो अंडी घालते आणि ती एका दिवसाच्या आत फुटतातही. एवढ्याशा पिल्लांना प्रवाहाविरुद्ध पोहता येत नाही, पाणी नेईल तिकडे ती जातात. ती खालीच जाणार असतील, तर अंडी वर घातलेली बरी, नाही का? पिल्लं वाहत वाहत येतील आणि वाटेत मोठी होतील. आईबाप चढतात ते याच्यासाठी.

गढूळ, काळोख्या पाण्यात वर कुठे आणि खाली कुठे हे माशाला कळतं कसं? डोळे तर तिथे कुचकामी. पुढच्या आठवडी बाजारात घरच्यांबरोबर मासे घ्यायला गेलात, तर रोहू किंवा कटला जरा जवळून बघा. कल्ल्याच्या मागून शेपटीपर्यंत, कुशीच्या मधोमध, एक बारीक तुटक रेघ गेलेली दिसेल. खिशात भिंग असेल तर काढा. (मासेवाल्या मावशी हसतील. हसू द्या.) त्या रेघेतल्या प्रत्येक खवल्यावर एक इवलंसं भोक असतं. भोकातून आत पाण्याची नळी, आणि नळीत जेलीत बुडालेले सूक्ष्म केस. पाणी हललं की जेली हलते, केस वाकतात, मेंदूला निरोप जातो : प्रवाह इकडून येतोय. या रेघेला पार्श्वरेषा म्हणतात. तुमच्याआमच्याकडे असलं काही नाही. आपण डोळे मिटून नाल्यात उभे राहिलो तर फार तर पाय गार पडतील.

चढणारे सगळेच लांब जातात असं नाही. काहींची धाव डोहापासून जवळच्या ओढ्यापर्यंत. काही मात्र अट्टल. डोंगराळ ओढ्यांमध्ये बोटाएवढा मल्या नावाचा मासा असतो. त्याच्या हनुवटीखाली एक गोल चकती असते. ती खडकाला चिकटवून तो ओल्या कातळावरून सरकत सरकत वर जातो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा इथल्या लोकांनी सांगितलेली नावंच त्याने लॅटिनच्या शेजारी नेऊन बसवली. म्हणून मल्याला आज जगभरातले शास्त्रज्ञ 'गारा मुल्या' म्हणतात आणि आपल्या महसीरला 'टॉर खुद्री'.

साइक्सच्या यादीत आणखी एक प्राणी होता, लांबलचक, सापासारखा : अहिर. हा खरा मासाच. पण याचा कारभार सगळ्यांच्या उलटा. बाकीचे अंडी घालायला वर चढतात, हा अंडी घालायला खाली समुद्रात जातो! समुद्रात त्याची पिल्लं जन्मतात ती चपटी, पानाच्या आकाराची आणि आरपार दिसणारी. प्रवाहाबरोबर तरंगत किनाऱ्याला येतात, तिथे त्यांचं रूप पालटतं, दोऱ्यासारखी बारीक होतात आणि नदीच्या मुखातून आत शिरतात. मग वर, वर, वर. कित्येक वर्षं नदीत वाढायचं आणि म्हातारपणी पुन्हा समुद्राकडे. अहिराचा एक युरोपी भाऊबंद आहे. त्याची पिल्लं कुठे जन्मतात हे शोधायला योहानेस श्मिट नावाचा डॅनिश शास्त्रज्ञ १९०४ पासून जवळजवळ वीस वर्षं अटलांटिक महासागरात जाळी ओढत फिरत होता. छोट्यात छोटी पिल्लं जिथे सापडतील तिकडे जायचं, एवढीच त्याची युक्ती. ती त्याला युरोपपासून हजारो किलोमीटर दूर सारगासो समुद्रात घेऊन गेली.

आता समजा, अरबी समुद्रातून निघालेल्या एका अहिराच्या पिल्लाने ठरवलं की आपण मालेगाव तालुक्यात जायचं. पत्ता सोपा आहे : तापी, पूर्णा, काटेपूर्णा. वाटेत काय काय लागेल? सुरतेलाच सिंगणपोरचा बंधारा. त्याच्या वर काकरापार. मग उकाईचं प्रचंड धरण, १९७२ पासून उभं. नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशा आणि सारंगखेडा, धुळे जिल्ह्यात सुलवाडे, भुसावळजवळ हतनूर. पूर्णेत वळलं की जिगावला नवं धरण उभं राहतंय. आणि एवढं करून काटेपूर्णेत आलंच, तर बार्शीटाकळी तालुक्यात महानचं धरण, ज्याचं पाणी अकोला शहर पितं. मधले छोटे बंधारे मी मोजलेलेच नाहीत.

पैनगंगेच्या बाजूने यायचं म्हटलं तरी तेच. आंध्रात दौलेश्वरम, गडचिरोलीच्या सीमेवर मेडिगड्डा, वर इसापूर.

अडथळे पूर्वीही होतेच. पैनगंगेवरचा सहस्रकुंडाचा धबधबा काही कुण्या इंजिनिअरने बांधलेला नाही. पण धबधब्याच्या खाली आणि वर राहणाऱ्या माशांना हजारो वर्षं मिळाली जुळवून घ्यायला. धरण मात्र पाचदहा वर्षांत उभं राहतं. माशाच्या दृष्टीने, मागच्या पावसाळ्यात इथून रस्ता होता, या पावसाळ्यात भिंत आहे.

मग धरणं बांधूच नयेत का? असं म्हणणं सोपं आहे, विशेषतः ज्याच्या नळाला रोज पाणी येतं त्याला. वाशीम-अकोल्यात पाणी साठवलं नाही तर मार्चनंतर काय होतं ते तुमच्या आईला विचारा. प्रश्न वेगळा आहे. भिंत हवीच असेल, तर तिला माशासाठी दार ठेवता येईल का?

येतं. त्याला मत्स्यमार्ग म्हणतात, किंवा सरळ माशांचा जिना. तुमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर वन्यप्राण्यांना ओलांडायला कुठे वरून, कुठे खालून वाटा ठेवल्या आहेत. कल्पना तीच, फक्त पाण्यातली.

धरणाच्या कडेने पाण्याच्या टाक्यांची एक रांग बांधायची. प्रत्येक टाकं खालच्यापेक्षा वीतभर उंच. वरच्या टाक्यातून पाणी खालच्यात पडत राहतं आणि मासा एकेक टाकं चढत जातो. दमला तर टाक्यातच कोपऱ्यात विसावतो. मोठ्या उडीचा सामन मासा असेल तर दोन टाक्यांत ३० सेंटिमीटरचा फरक चालतो, लहान किंवा कमी जोराच्या माशांना त्याच्या निम्मासुद्धा जड जातो. काही मासे उडीच मारत नाहीत. त्यांच्यासाठी टाक्यांमधल्या भिंतीला तळापासून वरपर्यंत उभी फट ठेवतात, म्हणजे ज्याला तळाने जायचं तो तळाने जाईल, वरून जायचं तो वरून. स्कॉटलंडमध्ये पिटलोक्री नावाच्या गावी धरणाच्या शेजारी असा जिना आहे : ३४ टाकी, लांबी ३१० मीटर. लोक तो बघायला तिकडे सहलीला जातात.

धरण फारच उंच असेल तर? दक्षिण अमेरिकेत पाराना नदीवर इताइपू हे राक्षसी धरण आहे. तिथे जिन्याऐवजी चक्क एक छोटी नदीच तयार केली. १० किलोमीटर लांब, वळणावळणाची, १२० मीटर चढणारी. २००२ साली ती सुरू झाली. आणखी काही ठिकाणी लिफ्ट आहेत : मासे पाण्याच्या पिंजऱ्यात शिरतात, पिंजरा वर जातो, मासे वरच्या जलाशयात. अमेरिकेत तर काही धरणांखाली मासे पकडून टँकरमध्ये भरतात आणि ट्रकने वर नेऊन सोडतात. आपल्याकडे टँकर गावाला पाणी आणतो, तिकडे टँकर माशांना गावी नेतो!

अहिराच्या जातीच्या पिल्लांना टाकीबिकी काही लागत नाही. त्यांच्यासाठी एक तिरकी पट्टी ठेवायची, तिच्यावर ब्रशासारखे ताठ केस लावायचे आणि वरून पाण्याची बारीक धार सोडायची. पिल्लं केसांमधून वळवळत चढून जातात. उलट लॅम्प्री नावाचा तोंडाने चिकटणारा एक प्राणी सामनच्या जिन्यात अडकायचा. का, तर टाक्यांच्या भिंतींचे कोपरे काटकोनात होते. कोपऱ्यावर त्याचं तोंड सुटायचं. कोपरे गोल केल्यावर त्याला चढणं सोपं झालं. एवढ्याशा गोष्टीवर अडलेलं असतं बघा.

आणि सगळ्यात मोठी मेख जिन्यात नाहीच, जिन्याच्या तोंडाशी आहे. तुमच्या लक्षात असेल, मासा वाट शोधतो ती पार्श्वरेषेने, म्हणजे प्रवाहाच्या जोरावरून. धरणाखाली सगळ्यात जोराचं पाणी कुठून येतं? वीजघरातून किंवा दरवाजांतून. मासे तिकडेच गर्दी करतात. जिन्यातून पाण्याची करंगळीएवढी धार येत असेल आणि तोंड भलत्याच बाजूला असेल, तर सोन्याचा जिना बांधा, एक मासा फिरकणार नाही. म्हणून जिन्याच्या तोंडाशी मुद्दाम जास्तीचं पाणी जोरात सोडतात, माशाला हाक मारल्यासारखं.

असं चुकलेलं उदाहरण आहे आणि ते आपल्यासाठी फार कामाचं आहे. थायलंडमध्ये मेकाँगला मिळणाऱ्या मून नदीवर पाक मून नावाचं धरण १९९४ मध्ये पूर्ण झालं. त्याला माशांचा जिना होता. कागदावर सगळं ठीक. पण सामनला शोभेल असा हा जिना, आणि मेकाँगच्या खोऱ्यातले मासे म्हणजे नाना आकारांचे, नाना सवयींचे. फार थोडे मासे वर गेले. नदीवर पोट असलेल्या गावांनी आरडाओरडा केला, तपासणी झाली आणि शेवटी २००१ पासून वर्षातले काही महिने धरणाचे दरवाजेच उघडे ठेवायची वेळ आली.

जिना चालत नाही हे कळलं कसं? मोजल्यामुळे. मला विचाराल तर जिना बांधणं हे अर्धंच काम, आणि तेही सोपं अर्धं. उरलेलं अर्धं म्हणजे तिथे बसून मोजणं : कोण आलं, किती आले, कधी आले, आणि कोण आलंच नाही.

मासे मोजायचे कसे, हा प्रकार मला सगळ्यात आवडतो. अमेरिकेत कोलंबिया नदीवर बॉनेविल धरण आहे. तिथला जिना १९३८ पासून सुरू आहे आणि मोजणीही तेव्हापासूनच. जिन्याच्या एका टप्प्यावर पाण्याखाली काचेची खिडकी आहे. माशांना तिच्यासमोरूनच जावं लागेल अशी वाट अरुंद केलेली. खिडकीच्या अलीकडे माणूस बसतो आणि जाणारा प्रत्येक मासा ओळखून नोंदवतो. हीच त्याची नोकरी! शाळेत खिडकीबाहेर बघितलं म्हणून बोलणी खाल्लेल्यांनी ही माहिती वर्गात सांगायला हरकत नाही.

दिवसभर बसायला माणूस नसेल, तर थोडा वेळ मोजून अंदाज काढतात. अमेरिकेच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात हेरिंग मासे ओढ्यांतून चढतात तेव्हा गावातले लोक आळीपाळीने दहा दहा मिनिटं मोजायला जातात. समजा तुम्हाला दहा मिनिटांत ७ मासे दिसले, तर तासाला साधारण ४२. असे वेगवेगळ्या वेळचे आकडे जमवले की दिवसाचा अंदाज बांधता येतो. एकाच वेळचा आकडा घेऊन गुणाकार करत बसलात तर फसाल, कारण मासे रांगेत शिस्तीने येत नाहीत. कधी झुंडीने येतात, कधी रात्रीच येतात.

रात्रीसाठी यंत्रं आहेत. एका चौकटीतून न दिसणारे अवरक्त किरण सोडतात. मासा मधून गेला की किरण अडतात आणि त्याच्या अंगाची सावली नोंदली जाते. सावलीवरून लांबी आणि उंची कळते, म्हणजे साधारण जातही. दुसरं यंत्र विजेचं : पाण्यातून अगदी मंद वीज खेळवलेली असते. पाण्यापेक्षा माशाच्या अंगातून वीज जास्त सहज जाते, म्हणून मासा वरून गेला की आकडा हलतो. आधी कुठल्या बाजूचा आकडा हलला त्यावरून तो वर गेला की खाली, हेही समजतं. पाणी गढूळ असेल तर आवाजाच्या लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीतून चित्र तयार करतात. आपल्या पावसाळी नद्यांना हाच उपाय जास्त सोयीचा, कारण काचेच्या खिडकीतून आषाढातल्या काटेपूर्णेत चहाच्या रंगाशिवाय काय दिसणार?

पण या सगळ्यांना फार तर "अमुक जातीचा एक मासा गेला" एवढंच कळतं. "नेमका कोणता मासा" हे कळत नाही. त्यासाठी माशाला ओळख द्यावी लागते. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, सुमारे १२ मिलिमीटरची एक काचेची कुपी असते. आत बारीकशी तार आणि चिप. जाड सुईने ती माशाच्या पोटाच्या पोकळीत ठेवतात. तिच्यात बॅटरी नाही. मग ती चालते कशी? समृद्धीवर टोल नाक्याला गाडीच्या काचेवरचा फास्टॅग बघितलाय ना? त्यातही बॅटरी नसते. नाक्यावरचं यंत्र रेडिओ लहरी सोडतं, त्या लहरींच्याच जोरावर फास्टॅग क्षणभर जागा होतो आणि आपला नंबर सांगतो. माशाच्या पोटातली कुपी अगदी तशीच. जिन्याच्या फटीभोवती तारेची चौकट बसवलेली असते. मासा तिच्यातून जाताना कुपी जागी होते, नंबर सांगते, पुन्हा झोपते. मासा जिवंत असेपर्यंत ती चालू शकते.

आता गंमत बघा. एक चौकट जिन्याच्या तोंडाशी आणि दुसरी वरच्या टोकाला लावली, तर जिना नेमका कुठे नापास होतोय ते पकडता येतं. धरणाखाली कुपी लावलेले १०० मासे सोडले असं धरू. खालच्या चौकटीवर त्यातले २० च नोंदले गेले, पण त्या २० पैकी १८ वर पोचले. म्हणजे जिना उत्तम आहे, त्याचं दार माशांना सापडत नाहीये. उलट ९० आत शिरले आणि वर १० च पोचले, तर दार छान, पण आत टाक्यांमध्ये कुठेतरी पाणी फार जोरात आहे. दोन्ही वेळा इंजिनिअरने करायची दुरुस्ती अगदी वेगळी. न मोजता नुसतं "मासे जात नाहीत हो" म्हणून काय दुरुस्त करणार?

आपल्या देशात हा खेळ मोठ्या प्रमाणावर चाललाय तो गंगेवर, हिल्सा माशासाठी. मराठीत याला पाला म्हणतात. समुद्रात राहतो, अंडी घालायला नदीत चढतो. पूर्वी गंगेतून तो अलाहाबादच्याही पुढे जायचा. १९७५ मध्ये पश्चिम बंगालमध्ये फराक्का बंधारा सुरू झाला, सव्वादोन किलोमीटर लांब आणि १०९ दरवाजांचा, आणि वरच्या गावांच्या जाळ्यांतून पाला जवळजवळ दिसेनासा झाला. बंधाऱ्यात माशांसाठी सोय ठेवली होती, पण तिने काम भागलं नाही. आता बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचे लोक बंधाऱ्याखाली पाला पकडतात आणि वर नेऊन सोडतात. काही माशांच्या पाठीला नंबर लिहिलेली बारीक पट्टी टोचतात. पाला भलता नाजूक. हातात धरला की खवले निघतात, पाण्याबाहेर काढला की थोड्या वेळात मान टाकतो. त्यामुळे हे काम घाईचं आणि हलक्या हाताचं. वरच्या बाजूला एखाद्या मासेमाराच्या जाळ्यात पट्टीचा पाला आला आणि त्याने कळवलं की नोंद होते : अमुक नंबर इतके किलोमीटर चढला. सगळी यंत्रं एकीकडे, आणि जाळं टाकणाऱ्या काकांनी केलेला एक फोन एकीकडे.

बंधाऱ्यांना माशांसाठी वाटा ठेवा हे आपल्याकडे कुणी सुचवलंच नव्हतं असं मात्र नाही. फ्रान्सिस डे नावाच्या मत्स्यतज्ज्ञाने १८७३ च्या सरकारी अहवालात ते लिहून ठेवलंय. दीडशे वर्षं झाली.

आपण दुसरा रस्ता धरला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना त्यांच्याच मेंदूखालच्या ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन, पूर नसताना, चढण नसताना अंडी घालायला लावली. म्हणून १० जुलै हा आपल्याकडे मत्स्य शेतकरी दिन असतो. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार करतात, तेही असंच माणसाच्या मदतीने. धरणांमध्ये दरवर्षी सोडतात ती मत्स्यबोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, अशाच केंद्रांमधून येतात. रोहू, कटला, मृगळ यांचं यावर छान चाललंय. पण मल्याची बोटुकली कोण तयार करणार? अहिराची तर जगात भल्याभल्यांना जमत नाही. त्यांना वाटच हवी.

आणि वाट आपल्याकडे एका ठिकाणी आपोआप तयार झालेली आहे. कोल्हापुरी बंधारा तुम्ही नक्की बघितला असेल : नदीत ओळीने खांब आणि खांबांच्या खाचांत बसवलेले बर्गे. पावसाळा संपताना बर्गे घालतात, पाणी अडतं. पावसाळ्याआधी बर्गे काढतात, पुराचं पाणी खांबांमधून मोकळं जातं. म्हणजे मासे चढायच्या नेमक्या महिन्यांत दारं उघडी! ज्यांनी हा बंधारा शोधला त्यांच्या डोक्यात बहुतेक पूर आणि गाळ असेल, मासे नसतील. तरी माशांचं काम झालं. अट दोनच : बर्गे वेळेवर निघाले पाहिजेत, आणि बंधाऱ्याच्या पायाखाली पाण्याने खड्डा पडून मोठी पायरी तयार झालेली नसली पाहिजे. मालेगाव तालुक्यातल्या नाल्यांवरचे पक्के सिमेंट बंधारे मात्र बाराही महिने भिंतच असतात. अशा बुटक्या भिंतीच्या कडेला दगडांचा लांब, सौम्य उतार रचला, तर छोटे मासे त्यावरून चढू शकतात. त्याला ना लिफ्ट लागते ना चिप.

तो उतार कुठे रचायचा हे ठरवायला आधी कुणीतरी बघितलं पाहिजे की मासे कुठल्या बंधाऱ्याखाली अडतात. इथे तुमचं काम. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या. पूर चालू असताना अजिबात जायचं नाही, नाल्यात उतरायचं नाही, पाणी वाहत असलेल्या पुलावर तर नाहीच नाही. पाणी ओसरल्यावर काठावरूनच बघा. बंधाऱ्याखालच्या फेसात मासे उड्या मारताहेत का? एकाच जागी घिरट्या घालताहेत का? दहा मिनिटं मोजा. वहीत लिहा : तारीख, वेळ, पाणी गढूळ की निवळ, आदल्या रात्री पाऊस होता का, मासे बोटाएवढे की हाताएवढे. नाव माहीत नसेल तर भोई काकांना विचारा. शून्य मासे दिसले तर शून्यही लिहा. तोही आकडाच आहे, आणि पाक मूनला असेच छोटे आकडे कामाचे ठरले.

पावसाळ्याला वेळ असेल आणि हात आत्ताच शिवशिवत असतील, तर नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहराची माशांची बेल आहे. तिथल्या कालव्यावर एक जुनं दार आहे. वसंतात मासे त्याच्यासमोर येऊन ताटकळत बसायचे, कारण त्या दिवसांत बोटी कमी, म्हणून दार क्वचितच उघडायचं. मग २०२१ मध्ये पाण्याखाली कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र इंटरनेटवर सोडलं. जगात कुठूनही बघायचं, मासा दिसला की पडद्यावरची बेल दाबायची. पुरेशा बेल वाजल्या की दार उघडतात. साधारण मार्च ते मे हा हंगाम. तिकडचे मासेही रात्रीच जास्त फिरतात, आणि इथे आपला फायदा : एप्रिल-मेमध्ये मालेगावात सकाळचे सहा वाजलेले असतात तेव्हा उत्रेख्तमध्ये रात्रीचे अडीच. तिकडची बरीच मंडळी गाढ झोपलेली असतात. बेल दाबायला जागं कुणीतरी हवंच आहे. बाबांचा फोन तेवढा आदल्या रात्री चार्जिंगला लावायला सांगा.